कावळ्याआधी जेवलेला माणूस

बोरटोला, सानगडीजवळ
(गोमाजींचा गोठा)
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्ना,

तू बेशुद्ध पडलीस त्याला मी जबाबदार नाही, हे आधी लिहून टाकतो. गावात उलटंच बोललं जातंय. अंगणात ओला माणूस उभा राहिला की त्याला टॉवेल द्यायचा असतो, तू किंचाळून आडवी झालीस. तुला उचलायला मी पुढे होणार, तेवढ्यात तुलाराम काठी फेकून धावला. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा! तलावात उतरायची पाळी आली की त्याला एवढी घाई कधी नसायची.

आणि वड्यांचं. त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती हे मला कोण सांगणार? पाण्यातून निघालो तेव्हा पोटात आग पडली होती. मागच्या अंगणातून आलो तर पळसाच्या पानावर भात, कढी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. मला वाटलं, तू माझ्यासाठीच वाढून ठेवलंस. ठेवलं होतंसच म्हणा, फक्त मी कावळ्याच्या रूपाने यावं अशी तुझी अपेक्षा होती. चौथा वडा तोंडात असताना तू बाहेर आलीस. पांढरे केस बघून मला वाटलं तुझी आई आली आहे, म्हणून मी खरकट्या हातानेच नमस्कार केला. यात माझं काय चुकलं?

माझ्या लेखी ही सगळी एका दुपारची गोष्ट आहे गं. एकोणीसशे एक्याण्णवचा भादवा. धान गर्भावर आलं होतं आणि पावसाने दडी मारली होती. तलावाच्या पोटातलं दगडी तुडूम उघडून पाणी सोडायचं होतं. बुडी मारून त्याच्या तोंडातलं लाकडी बूच, म्हणजे गुडदा, ओढायची प्रत्येक घराची पाळी असते, ती त्या दिवशी तुलारामची होती. तू चार वर्षांच्या गुड्डीला कडेवर घेऊन तलावाच्या बांधावर, पाळीवर, उभी होतीस आणि म्हणालीस, "तुलारामभाऊ किती वेळ दम धरतेत जी!" बस. त्याचा सदरा निघायच्या आत मी उडी मारली होती. गुडदा ओढला, पाण्याने पाय खेचला, कान गच्च झाले आणि मी वर आलो. तोंडातलं पान रंगायला लागतो तेवढाही वेळ गेला नसेल.

वर आलो तर माझ्या बैलबंडीच्या जागी लाल मोटारसायकल. तू एकसष्टची, गुड्डी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आणि तुलाराम माझ्या घरात. मी मात्र तेहतीसचाच. तू माझ्यामागे त्याच्याशी पाट लावलास हे मला तुझ्या तोंडून नाही, गोमाजींच्या सुनेकडून कळलं, तेही ती म्हशीला चारा टाकता टाकता बोलली म्हणून.

गोमाजी आता गावात सगळ्यांत वडील. त्यांचं म्हणणं, ज्याची तेरवी झाली तो परत आला तरी परत जन्मल्याशिवाय जिवंत धरता येत नाही, आणि तोवर घरच्यांनी त्याचं तोंड पाहायचं नाही की त्याच्याशी बोलायचं नाही. मी विचारलं, पत्राचं काय? त्यांनी बराच वेळ तंबाखू चोळली आणि म्हणाले, "पत्राचं काई सांगतलं नाई कोणी." म्हणून हे पत्र. गुड्डी घेऊन येईल, लग्न होऊन ती दुसऱ्या घरची झाली म्हणून तिला ही बंदी नाही. ती म्हणत होती या डबीत बोला, आवाज पोहोचतो. मी नाही म्हटलं. तो आवाज तुलारामही ऐकेल. शिवाय मी मॅट्रिक आहे, शुद्ध लिहितो, आणि तो चौथीत दोनदा बसला हे तुला माहीत आहे.

एकच विचारतो. तू पाट लावलास तो मला मेलेला समजून लावलास ना? मी तर मेलेला नाही. मग आता तू कोणाची बायको?

तुझाच,
चंद्रकुमार


४ ऑक्टोबर २०२५

प्रिय रत्ना,

उत्तर आलं नाही. गुड्डी म्हणते, "आईनं पत्र आयकलं अन् भांडे घासाले गेली." म्हणजे गुड्डीने वाचून दाखवलं. म्हणजे ती मजकूर वाचते. आता वाचतच आहेस तर गुड्डे, तूही ऐकून ठेव, बापाची पत्रं वाचू नयेत.

पण तिला बोलणार कोण? सानगडीची अंगणवाडी तिच्या हाताखाली आहे, स्कूटीवर येते आणि मला समोर बसवते. परवा मला म्हणाली, "नखं दाखवा." मी म्हटलं, मी तुझा बाप आहे. तर म्हणते, "हो जी बाबा, पण नखं दाखवा पयले." मग बसलो हात पुढे करून. वाढलेली होती.

तिला मी विचारलं, सायकल कोणी शिकवली? म्हणाली, बाबांनी. शाळेत नाव कोणी घातलं? बाबांनी. लग्नात कोण रडलं? बाबा. प्रत्येक ठिकाणी बाबा म्हणजे तुलाराम. मला ती 'फोटोतले बाबा' म्हणते. त्या माणसाने माझ्यासाठी एक काम शिल्लक ठेवलं नाही, रडायचंसुद्धा.

बाकी हा पुढचा जमाना मला फारसा पटलेला नाही. माणसं रस्त्याने एकटीच बडबडत जातात. पहिल्या दिवशी मला वाटलं सगळ्या गावावर करणी झाली आहे. सानगडीच्या बाजारात पाणी बाटलीत भरून विकतात आणि लोक तलावाकडे पाठ करून ते विकत घेतात. मला वाटायचं पुढे माणसं उडतील, पण बस अजून तशीच उशिरा येते आणि लोक तसेच तिच्यावर चिडतात. तेवढं एक बरं वाटलं.

आता जे ऐकशील ते शांतपणे ऐक. सोमवारी मी तुमच्या कुंपणाजवळ गोमाजींची म्हैस शोधायला आलो होतो. म्हैस गोठ्यातच होती हे मला नंतर कळलं. कुंपणातून सहज नजर गेली. तुलाराम बाजेवर बसला होता. तू पाकिटातून गोळी फोडलीस आणि त्याच्या तळहातावर ठेवलीस. मला तू कधी काही तळहातावर दिलं नाहीस, नेहमी ताटलीत आणून जमिनीवर ठेवायचीस. मग तू वाकलीस, त्याच्या कानाशी तोंड नेलंस आणि काहीतरी बोललीस, आणि तो हसला. भर अंगणात! आपल्या लग्नाला आठ वर्षं झाली होती तरी तू चारचौघांत माझ्याकडे मान वर करून बघत नव्हतीस. या वयात हे चाळे शोभतात का तुम्हाला?

मी परत फिरणारच होतो. तेवढ्यात तू आत गेलीस आणि चुलीजवळून हाक मारलीस, "अजी, जेवाले या!"

आणि मी हो म्हणालो.

तिकडून त्यानेही हो म्हटलं, पण मी आधी म्हटलं. तू दारात आलीस, त्याच्याकडे पाहिलंस, कुंपणाकडे पाहिलंस. मी खाली बसलो होतो, डोक्यात बोरीचे काटे. मला वाटायचं 'अजी' हे नाव तू माझ्यासाठी ठेवलेलं आहेस. दुसरं काही सापडलं नाही का गं त्याला हाक मारायला? मी गेल्यापासून पाट लावेपर्यंत सात वर्षं विचार करायला वेळ होता तुझ्याकडे.

तुझा,
चंद्रकुमार


१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय रत्ना,

दोन बातम्या आहेत. एक वाईट आणि एक तुझ्या हातातली.

नागपूरहून धनंजय सर नावाचे प्राध्यापक आले आहेत. तीन दिवस पाळीवर तंबू टाकून बसले आहेत. त्यांनी सांगितलं ते असं, की तुडुमाच्या तळाशी काळाला पीळ पडलेला आहे, पाणी जोरात सुटलं की त्या पिळात सापडलेली वस्तू थेट पुढच्या काळात निघते. खात्रीसाठी त्यांनी स्वतःचं मनगटी घड्याळ दोरीला बांधून खाली सोडलं. दोरी वर आली, घड्याळ नाही. ते आनंदाने नाचले. मग त्यांना आठवलं की घड्याळ बायकोने दिलेलं होतं आणि ते आता चौतीस वर्षांनी निघेल. तेव्हापासून ते काही ना काही मोजमाप काढून मुक्काम वाढवत आहेत.

मी त्यांना विचारलं, मागे जाता येईल का? म्हणाले, "मागे नाही. पुढे कितीही." रत्ना, माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. आणखी एक बुडी मारली तर वर येईन तेव्हा तुलाराम नसेल. हा विचार इतका गोड वाटला की मी सदऱ्याची दोन बटणं काढली. मग लक्षात आलं, तेव्हा तूही नसशील. बटणं लावली आणि गोठ्यात येऊन म्हशींना पाणी पाजलं. याचं श्रेय मला कोणी देणार नाही ते माहीत आहे.

दुसरी बातमी. गोमाजींनी कार्तिक पौर्णिमेचा दिवस काढला आहे. त्या दिवशी माझं बारसं. हसू नकोस. ज्याची तेरवी झाली त्याला एखाद्या बाईने मांडीवर घ्यायचं, पाळण्यात घालायचं, आत्याने कानात नाव सांगायचं, की तो जिवंत. मांडी द्यायला गोमाजींच्या सत्यभामाबाई तयार आहेत. वजनाने त्या तुरीच्या काडीएवढ्या, त्यामुळे मला त्यांची काळजी वाटते. पण खरी गोष्ट पुढे आहे. गोमाजी म्हणतात, असा परत जन्मलेला माणूस आपल्या जुन्या बायकोशी त्याच मांडवात परत लग्न लावू शकतो. मी विचारलं, आणि बायकोने मधे पाट लावला असेल तर? त्यांनी तंबाखूची डबी बंद केली. मग म्हणाले, "त ते बाई ठरवन. पण त्या दिवशी जे ठरन ते कायमचं. परत जन्मलेल्याले मांगचं नातं नसते."

म्हणजे सगळं तुझ्यावर आलं. त्या दिवशी तू हळदीचं पिवळं लुगडं नेसून आलीस की मी समजेन. तू आली नाहीस तर तेही समजेन.

लोक हसतील म्हणशील. आपल्याच गावात पंचावन्नच्या म्हाताऱ्यांनी अठराच्या पोरी करून आणल्या, तेव्हा कोण हसलं? सगळे जेवून गेले. आणि तुलनाच करायची तर कर. माझे सगळे दात शाबूत आहेत. धानाचं पोतं एका दमात उचलतो, पायऱ्या चढताना मला कोणाचा दंड धरावा लागत नाही. रात्री मी खोकत नाही. तुलारामकडे काय आहे? गोळ्या! तरुणपणी त्याचं कुठेच लग्न जमत नव्हतं तेव्हा मला त्याची कीव यायची. आता कळतं, तो कुठे नजर लावून बसला होता.

वाट पाहणारा,
चंद्रकुमार


२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय रत्ना,

दिवाळी झाली. फराळाचा डबा मिळाला. चकल्या मऊ होत्या, म्हणजे त्या त्याच्या दातांना बेताच्या केल्या होत्या. मी खाल्ल्या, पण कळलं मला.

शुक्रवारी आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेला मी तोंडाला दुपट्टा बांधून गेलो होतो. दिवाळीनंतरची मंडई, दंडारीची ढोलकी, गर्दी, त्यात मेलेल्या माणसाकडे कोण बघतो? त्याने तुला जिलबी घेऊन दिली. तू अर्धी खाल्लीस आणि अर्धी त्याला दिलीस. त्याला साखर आहे ना? मग कशाला दिलीस? माझ्या वेळी अख्खी खायचीस.

आणि काल गोमाजींची बंदी मोडून तो स्वतः गोठ्यात आला.

मी उठून उभा राहिलो. मला वाटलं हाणामारी होणार, आणि खरं सांगायचं तर मी तयार होतो. तो म्हणाला, "बस, बस. तू मेलेला, माह्यापेक्षा मोठाच आहेस." मग काठी टेकून खाटेवर बसला. खाट माझी होती, पण त्याने विचारलं नाही.

"चंदू, मले तुह्यासंग भांडाचं आहे."

मी म्हटलं, भांड.

"मी सत्तावीस वर्ष तुह्या फोटोसंग संसार केला बाप्पा! फोटो घोरत नाई. फोटो खोकलत नाई. भाजीत मीठ जास्त झालं तरी फोटो काई म्हणत नाई. मी एखादा शब्द जास्तीचा बोललो का रत्नमाला त्या फोटोकडे पाहे. बोले काई नाई. खाली पाहे, वर पाहे, बस. मंग मीच गुपचूप जेवो."

मी म्हटलं, मीठ जास्त झालं की मी तर ताट सरकवून उठायचो.

"मले मालूम नाई का? साऱ्या टोल्याले मालूम आहे! तिलेच तेवढं याद नाई रायलं. तू तेहतीसचाच रायला ना बे. माहे केस गेले, दात गेले, अन् तू भिताडावर तसाच, हार घालून. अन् दर सर्वपित्रीले लाखोरीचे वडे, कायले, त चंद्रकुमारले आवडे. लाखोरीनं माह्य पोट फुगते. पण पितराचा परसाद, ना म्हणता येते का? सत्तावीस वर्ष पोट धरून झोपलो मी तुह्या नावानं."

रत्ना, मी तुला कसं सांगू, या जमान्यात आल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी त्याच्यावर जळत होतो महिनाभर, आणि हा माझ्यावर सत्तावीस वर्षं जळतो आहे! मी त्याला पान लावून दिलं. ते त्याला चावता आलं नाही, तेही मला आवडलं.

मी विचारलं, "मग आता काय सांगायला आलास?"

"आता मी खुश आहो," तो म्हणाला. "आता तू आला ना. आता तिले दिसन तू कसा होता ते."

हे मला आवडलं नाही. बोलता बोलता तो सारखा डावा कान पुढे करत होता, म्हणून टोचायचं म्हणून विचारलं, दुसऱ्या कानाला काय झालं? बायकोचं ऐकून ऐकून गेला का?

"नाई जी. तुले ढुंढता ढुंढता गेला. तुडुमाच्या तोंडापाशी आठ रोज बुड्या मारल्या. पाणी गेलं, कान पिकला, मंग बंदच झाला. लोक म्हणत आता सोड. मले वाटे, पाळी माही होती, अन् गेला हा."

त्याने हे अगदी सहज सांगितलं. म्हणजे त्या दिवशी कुंपणातून पाहिलं ते चाळे नव्हते, ऐकू येणाऱ्या कानाशी बोलणं होतं, आणि दुसरा कान माझ्यापायी गेलेला. किती लबाड माणूस आहे बघ. आता याच्यावर धड जळताही येत नाही. जळतो आहेच, पण मजा गेली.

जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "पुनवेले ते पिवळं लुगडं नेसून आली, त मी काई म्हणणार नाई. सानगडीले गुड्डीकडे जाऊन राहीन. पण चंदू, तिच्या गुडघ्याले रोज तेल लावा लागते. उजव्या. तू डावा धरून बसशील."

मी म्हटलं, मला उजवा-डावा कळतो. रत्ना, खरंच कोणता गं? तूच सांग. त्याच्या तोंडून ऐकलेलं मला वापरायचं नाही.

तुझा,
चंद्रकुमार


बोरटोला
३१ ऑक्टोबर २०२५

गुड्डीच्या बाबास नमस्कार.

मी सांगून रायली, गुड्डी लिहून रायली. तुमचे सारे पत्र आयकले. गुड्डीनं मंधातलं काई गाळलं असन, कावून का वाचता वाचता ते हासे.

तुम्ही इचारलं, मेलेलं समजून पाट लावला का? नाई. तेरवी लोकायनं केली, मी नाई केली. सात वर्ष मी तलावाच्या पाळीवर जात होती. सारे हासत. मंग एका पावसाळ्यात गुड्डीले जबर ताप आला. हे आले अन् तिच्या खाटेपाशी बसले. काई केलं नाई, दवा मीच देत होती, हे निस्ते बसून रायले ताप उतरेपावतर. मले वाटलं, उडी मारणारा माणूस मी पायला, आता बसणारा पायजे. म्हणून पाट लावला. तुम्ही मेले का जित्ते, हा इचार त्यात नव्हता.

फोटोकडे मी पाहो, हे खरं आहे. फोटोसंग भांडण होत नाई, म्हणून तुम्ही लय चांगले झाले होते. त्याचा यायले तरास झाला, तो मले आता समजला.

अन् त्या दिवशी मी बेहोश पडली ते भुताच्या भेवानं नाई. उठली तवा मनात पयला इचार काय आला सांगू? हा पोरगा ओला आहे, याले सर्दी होईन. 'हा पोरगा' असंच आलं. मंग मले समजलं का काय होऊन बसलं, अन् मी लय रडली. चौतीस वर्ष ज्याची वाट पायली तो आला, अन् माह्या मनानं त्याले पोरगा म्हटलं. यात तुमची काई चूक नाई. माही बी नाई.

मी पुनवेले येईन. लुगडं कोणतं, ते तुम्ही नका ठरवू.

उजवा गुडघा.

रत्नमाला


६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आईस,

शब्द लिहिला. शाई सांडली नाही. एकाच घरात राहून पत्र कशाला, असं तू म्हणशील. कारण हा शब्द अजून तोंडातून निघत नाही. सकाळपासून तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन मी पाणी पिऊन परत गेलो. तू विचारलंस, "इतली तहान काहून लागून रायली तुले?" म्हणून म्हटलं आधी कागदावर म्हणून बघू.

कालचं मला एकदा माझ्या बाजूने सांगू दे. मी सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो. धोतराचा पाळणा आंब्याच्या फांदीला बांधला होता, बायका त्याच्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या, धनंजय सर फोटो काढत होते. मला कशाचंच काही नव्हतं. मी फक्त पिवळा रंग शोधत होतो. आणि तू आलीस ती रोजच्या हिरव्या लुगड्यात, तुलारामचा दंड धरून. तरी मला वाटलं, पिवळं पिशवीत असेल. खरंच वाटलं.

तू सरळ पाटावर बसलेल्या सत्यभामाबाईंजवळ गेलीस आणि म्हणालीस, "काकू, तुम्ही उठा. मी बसतो."

सत्यभामाबाई उठल्या. तू बसलीस, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून लांब केलास आणि माझ्याकडे पाहिलंस. गोमाजी उठले आणि म्हणाले, "बाबू, इच्या मांडीवर डोकं टेकलं का तू इचा लेक. मंग मांगचं खलास. मले तुह्यावर सक्ती करता येत नाई. सोच."

मी सोचलं. तुम्हाला वाटलं मी रडायला आलो म्हणून थांबलो. मी हिशेब करत होतो. मी नाही म्हणून निघून गेलो असतो तर मेलेलाच राहिलो असतो. भिंतीवर, हार घालून, तेहतीसचा. दर सर्वपित्रीला तू वडे केले असतेस आणि तुलाराम पोट धरून झोपला असता. तो मला कधीच हरवू शकला नसता. जिंकायचं तर एवढंच करायचं होतं, पाठ फिरवायची. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, आंब्याच्या झाडाकडे बघत होता आणि काठीने माती उकरत होता. तोही तोच हिशेब करत होता, मला कळलं.

आणि मग तू म्हणालीस, "ये ना बाबू. जेवला का तू सकाळी?"

नव्हतो जेवलो. कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून आलो. दुसरं काही कारण मला सापडत नाही. लोक म्हणतात मी मोठं मन दाखवलं. ते खोटं आहे. माझं मन तेवढंच आहे, पण मला त्या घरात यायचं होतं जिथे कोणीतरी मला जेवलास का विचारतं. नवऱ्याचा दरवाजा बंद होता, लेकाचा उघडा होता, मी त्यातून आलो. तुझ्या मांडीवर डोकं टेकलं तेव्हा तुझ्या लुगड्याला लसणाचा वास येत होता. तू माझ्या केसांतून हात फिरवलास आणि आत काटा सापडला, तो काढून फेकलास.

पाळण्याचं मी काही लिहीत नाही. फांदी मोडली हे सगळ्यांनी पाहिलं. त्यात माझा दोष नाही, मी आधीच सांगितलं होतं.

नावाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आत्या म्हणून तुलारामची बहीण बोलावली आणि तिने कानात सांगितलं, "मनिष." मला चंद्रकुमार चाललं असतं. कोण मनिष? सगळी पोरं मला आता मनिष म्हणून हाका मारतात आणि मी मागे कोणी आहे का म्हणून वळून बघतो. गुड्डीताई तर आजच म्हणाली, "मनिष, पायजमा धुवाले टाक." ताई म्हणायचं असं तिनेच ठरवून टाकलं आहे.

आज दुपारी तू वाढायला बसशील. मी ठरवलं आहे, पहिल्या घासाच्या आधी म्हणायचं. म्हणजे मग माघार घेता येणार नाही. मीठ जास्त झालं असलं तरी म्हणेन. त्यांनाही म्हणेन काहीतरी, बाबा म्हणणं भाग आहे, पण ते उद्या. एका दिवशी एकच होईल माझ्याच्याने.

फक्त एक मागणं आहे, ते शेवटचं समज. मी आई म्हणेन तेव्हा तू माझ्याकडे बघ. तेवढ्यापुरतं तरी तुलारामकडे बघू नकोस.

तुझा मुलगा,
मनिष